तरुण ताऱ्यांचे विभेदी परिवलन

ताऱ्याच्या पृष्ठभागावरील निरनिराळे अक्षांश स्वतःच्या अक्षाभोवती निरनिराळ्या गतीने फिरतात, त्यास विभेदी परिवलन म्हणतात. सूर्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत एक फेरी पुरी करते, तर ध्रुवांजवळच्या भागास सुमारे ३५ दिवस लागतात. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १८५३ ते १८६१ या काळात सौरडागांच्या नोंदी ठेवून हा फरक मोजला. चुंबकीय क्षेत्ररेषांना पीळ देऊन सूर्याचे चुंबकत्व टिकवून ठेवण्यात या फरकाचा मोठा वाटा मानला जातो. तरुण ताऱ्यांविषयीची उत्सुकता त्यातूनच आली: ते सूर्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरतात, मग त्यांच्यातील पीळही तितकाच जास्त असतो काय?

मापनपद्धती

हे तारे दुर्बिणीतून बिंदूवतच दिसतात, त्यामुळे त्यांचे डाग थेट पाहता येत नाहीत. मात्र फिरणाऱ्या ताऱ्याची एक कडा आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते. त्यामुळे डॉप्लर परिणामाने त्याच्या वर्णरेषा रुंदावतात. डागाकडून प्रकाश कमी येतो, म्हणून रेषेत लहानसा उंचवटा उमटतो आणि तारा फिरेल तसा तो निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे सरकतो. विषुववृत्ताजवळच्या डागाचा उंचवटा रेषेची सारी रुंदी ओलांडतो. ध्रुवाजवळच्या डागाचा मध्याच्या आसपासच राहतो. यावरून पृष्ठभागाचा नकाशा काढण्याच्या तंत्रास डॉप्लर प्रतिमांकन म्हणतात. काही दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन नकाशांतील एकाच अक्षांशाचे पट्टे जुळवून पाहिले, की त्या अक्षांशाची गती मिळते. अडचण अंतराच्या निवडीची असते. ते फार कमी असल्यास सरकणे नजरेत येत नाही, फार जास्त असल्यास मूळचे डागच बदललेले असतात.

एबी डोराडस

दक्षिण आकाशातील हा तारा सूर्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असून तो अवघ्या ०.५१४ दिवसात, म्हणजे सुमारे सव्वाबारा तासांत एक फेरी घेतो. झाँ-फ्रान्स्वा दोनाती व अँड्र्यू कॉलियर कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार त्याचे विषुववृत्त ध्रुवांना साधारण ११० दिवसांत एका पूर्ण फेरीने मागे टाकते. सूर्याच्या बाबतीतही हा काळ जवळपास तेवढाच आहे. म्हणजे परिवलन सुमारे पन्नासपट जलद असूनही दोन अक्षांशांतील कोनीय वेगाचा फरक वाढलेला नाही. एकूण गतीच्या तुलनेत तो जेमतेम अर्धा टक्का भरतो, तर सूर्यावर एक-पंचमांशाहून जास्त. पुढे याच ताऱ्याच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांत हा फरक काळानुसार कमी-जास्त होतो असेही आढळले.

केप्लर अवकाश दुर्बिणीने नोंदलेल्या तेजस्वितेच्या चढउतारांतूनही एकाच ताऱ्याचे दोन-तीन परिवलनकाल वेगळे करता येतात. मात्र डाग कोणत्या अक्षांशावर आहेत हे त्यात कळत नसल्याने विभेदी परिवलनाची केवळ किमान मर्यादा हाती येते.