अजब बंगला

नागपुरांत मध्यवर्ती संग्रहालय विचारलें तर उत्तर मिळेल न मिळेल. 'अजब बंगला' म्हणा, कोणीहि वाट दाखवील. सर रिचर्ड टेंपल यांनीं तो १८६३ सालीं स्थापिला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परतणारे रेव्हरंड हिस्लॉप भरल्या ओढ्यांत बुडाले. गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें मागें राहिलीं. टेंपलसाहेबांनीं तीं १८६६ मध्यें छापविलीं.

१८७० मध्यें बालाघाटकडील गुंगेरियास गुराखी मुलांना तांब्याच्या ४२४ व रुप्याच्या १०२ वस्तु सांपडल्या. कांहीं येथें आल्या, कांहीं थेट लंडनास गेल्या. गुंगेरियास काय उरलें? निदान येथल्या कपाटावरील पाटी त्या गांवकऱ्यास वाचतां यावी, हें मागणें कांहीं फाजील नव्हे.