गोव्याची पूड आणि नखातली बुरशी

गजकर्ण, नायटा, चिखल्या. त्वचेवर वाढणाऱ्या बुरशीला आपल्या भाषेत नावांची उणीव नाही. पायाच्या नखात शिरणाऱ्या बुरशीला मात्र धड नाव नाही. नख पिवळे पडते, जाड होते, खालून भुसा सांडावा तसे भुरभुरते. लोक ‘नख किडले’ किंवा ‘नख मेले’ म्हणतात आणि कामाला लागतात. नखुरडे ठणकते म्हणून त्याला नाव मिळाले. हा रोग सहसा ठणकत नाही, म्हणून त्याची दखल कोणी घेतली नसावी असे आम्हाला वाटते. वास्तविक ही सर्व एकाच घराण्यातली मंडळी आहेत. केस, नख आणि त्वचेचा वरचा मृत थर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, ते खाऊन या बुरशा जगतात. त्यांच्यावरील उपचारांचा इतिहास पाहू लागलो, की एक वाट थेट आपल्या दारावरून जाते.

गजकर्णावरचा आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे टाकळा. पावसाळ्याच्या आरंभी रस्त्याच्या कडेने उगवणारा आणि कोकणात ज्याची भाजी आवडीने खातात तोच. संस्कृतात गजकर्णाला दद्रु म्हणतात आणि टाकळ्याचे एक नाव दद्रुघ्न असे आहे. म्हणजे रोगाचे नाव औषधाच्या नावातच गुंफलेले. त्याचे बी वाटून लेप लावीत. या बियांत क्रायसोफॅनिक आम्ल नावाचे पिवळे संयुग असते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण ते लवकरच पुन्हा भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावरचे आणखी एक औषध मिळे. ते गोव्याहून येई, म्हणून इंग्रज त्याला ‘गोवा पावडर’ म्हणत. ही पूड ताजी असताना पिवळी दिसे, हवा लागली की तपकिरी होई. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती चट्ट्यावर लावीत. त्वचेची आग होई, कपड्यांना न जाणारे डाग पडत, पण चट्टा जाई. ती कशाची बनते हे विकणारे सांगत नसत. १८६४ मध्ये मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे युरोपीय औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे कलकत्त्यात दीर्घकाळ काम करून इंग्लंडला परतलेले डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी १८७४ मध्ये गजकर्णावरील या उपायाविषयी लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले.

तो मजकूर अटलांटिकपलीकडे ब्राझीलमधील बाहिया येथे पोहोचला. तेथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी १८७५ मध्ये कळवले, की ज्याला तुम्ही गोव्याची पूड म्हणता ती आमच्याकडची ‘अरारोबा’ आहे. बाहियाच्या जंगलातील एका उंच वृक्षाच्या खोडात भेगा आणि पोकळ्या असतात व त्यांत ही पूड साठते. झाड पाडून, खोड चिरून ती खरवडून काढावी लागे. खरवडणाऱ्यांच्या डोळ्यांना आणि चेहऱ्याला तिचा फार त्रास होई. ब्राझील आणि गोवा ही दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ज्या जहाजांनी आपल्याला काजू आणि अननस दिले, त्यांनीच ही पूडही आणली. काजूचे मूळ गाव आपण विसरलो, आणि पुडीला तर विकणाऱ्या गावाचेच नाव चिकटले.

त्याच वर्षी लंडनमध्ये ॲटफील्ड यांनी तिचे रासायनिक पृथक्करण केले. पुडीचा बहुतांश भाग क्रायसोफॅनिक आम्ल आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे टाकळ्यातील आणि रेवाचिनीतील तेच द्रव्य. निष्कर्ष आकर्षक होता. ब्राझीलचे झाड आणि कोकणातले तण एकच औषध बनवतात असा त्याचा अर्थ होई. पण तो पुरता बरोबर नव्हता. १८७८ मध्ये लीबरमान आणि साइडलर यांनी दाखवले, की पुडीत मुळात असते ते वेगळे द्रव्य. त्याला त्यांनी क्रायसारोबिन हे नाव दिले. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की क्रायसोफॅनिक आम्ल तयार होते. दोघांचे रेणू जवळचे नातलग आहेत, पण त्वचेवर जोरकस परिणाम करते ते क्रायसारोबिन. एखाद्या वनस्पतीत ‘औषधातलेच द्रव्य आहे’ असे वाचनात आले, तर ते नेमके तेच आहे की त्याचे भावंड, हे विचारून घ्यावे.

याच सुमारास एक मजेची गोष्ट घडली. १८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. गजकर्ण झाले आहे अशा समजुतीने त्याने गोव्याची पूड वापरली होती. प्रत्यक्षात त्याला सोरायसिस होता, ज्याचा बुरशीशी संबंध नाही. पण पुडीने तोही उतरला. चुकीच्या निदानातून बरोबर औषध सापडल्याचे इतके सुरेख उदाहरण विरळाच. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला अरारोबा मिळेनासा झाला, तेव्हा बायर कंपनीने त्याच्यासारखे कृत्रिम संयुग बनवले. १९१६ मध्ये गालेव्स्की व उन्ना यांनी ते रुग्णांवर वापरले. डायथ्रॅनॉल या नावाने ते सोरायसिसच्या उपचारात पुढे कायम राहिले. बुरशीसाठी आलेली पूड बुरशीच्या नव्हे तर दुसऱ्याच रोगाच्या इतिहासात स्थिरावली.

मग बुरशीचे काय? गजकर्ण बुरशीमुळे होते हे तोवर माहीत झालेले होते, पण त्याचा उपचारांना फारसा उपयोग झाला नव्हता. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो हे प्रथम सिद्ध झाले तेही बुरशीच्या बाबतीत. इटलीत लोदी येथे आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवले, की रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीने होतो आणि तो एका किड्यातून दुसऱ्याला लागतो. पाश्चर आणि कॉख यांची नावे आपण वर्गात घेतो, तेव्हा बास्सी राहून जातात. कॉखचे अँथ्रॅक्सवरील काम १८७६ चे, म्हणजे चाळीस वर्षांनंतरचे. बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक यांनी १८३७ मध्ये डोक्याच्या चट्ट्यांवरील खपलीत तंतू पाहिले. पुढे ती खपली त्यांनी स्वतःच्या हाताला लावून रोग ओढवून घेतला. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ ते १८४४ या काळात केसांतील आणि त्वचेतील बुरशांची एकामागून एक वर्णने केली. नखातील बुरशीचे वर्णन मायस्नर यांनी १८५३ मध्ये केले. ग्रुबींच्या कामाकडे मात्र सुमारे पन्नास वर्षे दुर्लक्ष झाले. साबुरो यांनी १८९० नंतर ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा कुठे या बुरशांचे नीट वर्गीकरण झाले.

नखाच्या रोगात आज जिचा वाटा सर्वांत मोठा, त्या ट्रायकोफायटन रुब्रम या बुरशीचे वर्णन आल्डो कास्टेलानी यांनी १९१० मध्ये केले. त्या काळी ते कोलंबोला काम करीत होते. ही बुरशी मूळची दक्षिण व आग्नेय आशियाच्या भागातील असावी, आणि परतणारे सैनिक, व्यापारी व प्रवासी यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत पोहोचली असावी, असे मानले जाते. इकडे अनवाणी चालणाऱ्या लोकांत ती प्रामुख्याने अंगावर, कमरेभोवती वाढत होती. तिकडे तिला उबदार, ओलसर, दिवसभर बंद असे घर मिळाले, ते म्हणजे बूट. बोटांच्या बेचक्यांतून ती नखात शिरली. पायाच्या नखाचा हा रोग जगभर बोकाळला तो विसाव्या शतकात, आणि त्यात बुटांचा वाटा मोठा आहे.

नखावर उपाय का चालत नाही, हे समजण्यासाठी नखाची रचना पाहावी. बुरशी असते नखाखाली आणि नखाच्या थरांत. औषध लावले जाते वरून. नख म्हणजे दाबून बसवलेल्या मृत पेशींची ढाल. बशीत वाढवलेली बुरशी लसणाने मरते, व्हिनेगरने मरते, निलगिरीच्या तेलानेही मरते. त्यात नवल नाही. प्रश्न आहे तो ढालीपलीकडे पोहोचण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर व्हिटफील्ड यांनी बनवलेल्या मलमात ६ टक्के बेन्झॉइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असे. पहिले बुरशीला रोखते, दुसरे मृत त्वचा सोलते. गजकर्णावर हे स्वस्त मलम उत्तम चाले. नखापुढे तेही थिटे पडे. वैद्य नख घासत, काढूनही टाकत. नवे नख येई आणि बुरशीही येई.

डोक्यातील गजकर्णावर याहून भयंकर उपाय निघाला. १९०४ मध्ये साबुरो आणि नॉयरे यांनी क्ष-किरणांनी केस झडवण्याची पद्धत घालून दिली. केस गेले की त्यांतली बुरशीही जाई. अर्धे शतक जगभर मुलांवर हा उपचार झाला. इस्राएलमध्ये १९५० च्या आसपास बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांवर तो मोठ्या प्रमाणात केला गेला. अशा दहा हजारांहून अधिक मुलांची पुढे पाहणी झाली, आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मेंदूच्या गाठी व थायरॉइडचा कर्करोग यांचे प्रमाण त्यांच्यात वाढलेले आढळले. १९९४ मध्ये तेथे नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. ज्या रोगाने कोणी मरत नाही, त्यावरचा हा उपचार होता.

सुटका झाली ती दुसऱ्या एका बुरशीमुळे. १९३९ मध्ये लंडनमध्ये रेस्ट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलियम कुळातील एका बुरशीतून ग्रिसिओफुल्विन वेगळे केले. जीवाणूंवर त्याचा परिणाम होत नाही म्हणून ते बाजूला पडले. १९४६ मध्ये ब्रायन व सहकारी, इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील एका माळावर पाइनची रोपे का जगत नाहीत याचा शोध घेत होते. तेथील मातीतल्या बुरशीत त्यांना एक द्रव्य मिळाले, ज्याने इतर बुरशांचे तंतू पिळवटून वाकडेतिकडे होत. त्याला त्यांनी ‘पिळवटणारा घटक’ म्हटले. हेच ते ग्रिसिओफुल्विन, हे वर्षभरात उघड झाले. तरी दहा वर्षे ते झाडांच्या रोगांपुरते राहिले. १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगना ते खाऊ घातले. गिनीपिग बरे झाले. त्याच वर्षी माणसांवरही प्रयोग सुरू झाले.

या औषधाचे वैशिष्ट्य असे, की ते पोटातून रक्तात आणि रक्तातून नव्याने बनणाऱ्या केराटिनमध्ये जाऊन बसते. ढालीवरून नव्हे, ढाल जिथे घडते त्या कारखान्यातून ते शिरते. पण जुने नख आहे तसेच राहते. नवे, संरक्षित नख मुळापासून पुढे सरकत येईपर्यंत वाट पाहावी लागते. ही वाट किती लांब, हे विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल. हाताच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने बारीक रेघ ओढावी आणि दर आठवड्याला तिचे अंतर मोजावे. रेघ बुजू लागली तर पुन्हा ओढावी. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम दीड. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. एवढा काळ ग्रिसिओफुल्विन घेऊनही पायाचे नख बरे होईलच अशी खात्री नसे.

पुढचे पाऊल व्हिएन्नात पडले. सॅन्डोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत मज्जासंस्थेवरील औषधे शोधताना १९७४ मध्ये बुरशीनाशक गुण असलेले एक संयुग अनपेक्षितपणे हाती लागले. त्यावर काम करून १९८० च्या दशकात टर्बिनाफिन तयार झाले. बुरशीच्या पेशीचे आवरण बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते. बारा आठवडे रोज एक गोळी, आणि नंतर कित्येक आठवडे ते नखात टिकून राहते. इतके करूनही सर्वच रुग्ण बरे होत नाहीत.

घरगुती उपायांची परीक्षा कोणी घेतलीच नाही असे नाही. २०११ मध्ये अमेरिकेत १८ रुग्णांवर ४८ आठवडे व्हिक्स व्हेपोरब लावून पाहिले. पाच जण बरे झाले, दहांना थोडाफार गुण आला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या आकड्यावरून फार काही म्हणता येत नाही. शिवाय जाड, पिवळ्या दिसणाऱ्या नखांपैकी निम्म्याच्या आसपास नखांत बुरशी नसतेच. बुटाचा दाब, जुनी इजा किंवा सोरायसिस हे कारण असते. म्हणजे स्क्वायरच्या रुग्णाचा घोटाळा अजून चालूच आहे. तो टाळण्याचा उपाय मात्र साधा आहे: नखाखालचा चुरा काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून केराटिन विरघळू द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात का ते पाहायचे. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातही हे तंतू दिसू शकतील, पण हे रसायन दाहक आहे, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये.

आपल्या देशात या कथेला अलीकडे वाईट वळण लागले आहे. साधारण २०१४ पासून गजकर्णाचे चिवट, अंगभर पसरणारे रुग्ण वाढू लागले. दुकानातून परस्पर घेतलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांकडे तज्ज्ञ बोट दाखवतात. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत थांबते, रुग्ण खूश होतो, आणि शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे बुरशी मोकळी वाढते. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधील दोन रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले. टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते, त्याच्या साखळीतील एखादेच अमिनो आम्ल तिच्या अनेक वाणांत बदललेले आढळते. तेवढ्याने औषधाला बसायला जागा उरत नाही. इराण, युरोप आणि अमेरिकेतही ती आता पोहोचली आहे.