एका वाहिनीचा उदयास्त

करमणुकीचें साधन लोकमत घडविण्याचेंहि साधन बनलें, म्हणजे त्यावर अंकुश कोणाचा असावा, हा प्रश्न उभा राहतो. व्हेनेझुएलांतील ‘रेडिओ काराकास तेलेव्हिसिओन’ या खासगी स्पॅनिश वाहिनीचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

फेल्प्स घराण्यानें ती १९५३ च्या नोव्हेंबरांत सुरू केली. १९५९ सालीं निघालेल्या ‘रेडिओ रोचेला’ या विनोदी कार्यक्रमांत राज्यकर्त्यांची यथेच्छ टवाळी होई. १९९२ सालीं सुरू झालेल्या ‘पोर एस्तास काय्येस’ या मालिकेनें राजकारणांतील लांचलुचपत चव्हाट्यावर मांडली.

पण एप्रिल २००२ मध्यें बंडखोरांनीं अध्यक्ष चावेझ यांना पदच्युत केलें, तेव्हां ही वाहिनी त्यांच्या विरोधकांच्या बाजूस झुकली. चावेझ यांचे समर्थक रस्त्यांवर उतरले असतां तिनें ती वार्ता दडवून व्यंगपट व चित्रपट दाखविले. चावेझ पुन्हा अधिकारारूढ झाले. पुढें सरकारनें परवान्याची मुदत वाढविण्याचें नाकारलें. २७ मे २००७ च्या मध्यरात्रीं प्रक्षेपण थांबलें आणि तिची लहर नव्या सरकारी वाहिनीस मिळाली. यांत मतस्वातंत्र्याचा भंग झाला, असा निर्णय आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानें २०१५ सालीं दिला.

वाहिनीचा दोष लहान नव्हता, हें आम्ही मान्य करतों. परंतु तो न्यायासनापुढें शाबीत करणें, हाच सरकारचा धर्म होता. वार्ता दडविणाऱ्याचें तोंड बांधल्यानें दडलेली वार्ता उजेडांत येत नाहीं. शिक्षा मात्र प्रेक्षकांना होते.