घड्याळजीची जादू

शंभर-सव्वाशे वर्षांमागे नव्हे, त्याहूनही आधी, युरोपातला जादूगार लांब झगा घाली, मेजावरून जमिनीपर्यंत कापड सोडी आणि त्या कापडाआड मदतनीस दडवी. हे कापड ज्याने दूर सारले तो झाँ-यूजेन रोबेर-ऊदँ हा फ्रेंच गृहस्थ पेशाने घड्याळजी. जन्म १८०५चा, ब्ल्वा गावचा. घड्याळांवरचा ग्रंथ मागितला असता दुकानदाराने चुकून करमणुकीच्या प्रयोगांचे पुस्तक बांधून दिले, असे तो आपल्या आठवणींत सांगतो. गोष्ट जरा अधिकच जुळून आलेली वाटते; पण जादूगाराने आपले चरित्र तरी सरळ का सांगावे?

१८४५ च्या जुलैत पॅरिसच्या पाले-रोयालमध्ये त्याने आपले छोटे रंगगृह उघडले. अंगात साधा पोशाख, समोर दिवाणखान्यासारखी मोजकी मांडणी. प्रेक्षकांसमोर संत्र्याचे झाड फुले, फळे. १८४७ मध्ये, इथरच्या गुंगीची चर्चा घरोघर चालू असता, त्याने आपल्या मुलाला बाटली हुंगवून एका काठीवर कोपर टेकवून हवेत आडवे केले. बाटली रिकामीच होती. वास यावा म्हणून इथर पडद्यामागे तापल्या लोखंडावर ओतले जाई. काठीच्या आधाराने हवेत बसणारा मनुष्य मद्रासेत १८३०च्या सुमारासच लोकांनी पाहिला होता, हे आपण लक्षात ठेवावे.

परंतु १८५६ सालची हकीकत मनाला टोचते. अल्जिअर्स फ्रेंचांनी १८३० मध्येच घेतले होते, तरी तिथल्या मराबूतांचा, म्हणजे साधुपुरुषांचा, लोकांवरील प्रभाव राज्यकर्त्यांना सलत होता. सरकारने रोबेर-ऊदँला पाचारण केले. रंगमंचावर त्याने एक लहान पेटी ठेवली. एका धट्ट्याकट्ट्या अरबाने ती सहज उचलली. मग त्याची शक्ती हरण केल्याचे सांगून जादूगाराने पुन्हा उचलावयास लावले, पेटी हलेना. खाली विद्युत्-चुंबक होता. एवढ्यावर भागले नाही. मुठीतून विजेचा झटका दिला आणि तो मनुष्य ओरडत पळाला. ज्याने पॅरिसात कापड दूर केले, त्याने येथे विज्ञानच कापडाआड लपविले. आणि ही हकीकत आपल्याला मुख्यतः त्याच्याच लेखणीतून कळते. त्या अरबाची बाजू कोणी लिहून ठेवली नाही.

पुढे तो ब्ल्वाजवळच्या आपल्या घरी विजेची घड्याळे आणि आपोआप उघडणारे फाटक यांत रमला. १८७०च्या युद्धात त्याचा एक मुलगा जखमी होऊन मेला. तो झुआव पलटणीत होता; ही पलटण मूळची अल्जीरियात उभारलेली. पुढच्याच वर्षी, जून १८७१ मध्ये, बापही गेला.