लघुउद्योगांची व्यापारचिन्हे व अल्पखर्ची उपयोजित कला : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लहान उद्योजकापुढे भांडवल, कच्चा माल व बाजारपेठ यांबरोबरच आणखी एक प्रश्न सातत्याने उभा राहिला आहे. आपला माल गिऱ्हाईकाने ओळखावा कसा आणि त्या ओळखीसाठी किती खर्च करावा, हा तो प्रश्न होय. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींबद्दल बरेच लिहिले गेले आहे; तुलनेने छोट्या उत्पादकाने आपल्या ऐपतीत बोधचित्र, नाव व वेष्टन कसे मिळविले, याचा विचार कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात या निवडीचा विसाव्या शतकापासूनचा मागोवा घेतला आहे.

तयार चित्राचे अर्थकारण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती गिरण्यांच्या कापडाच्या गाठींवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटविलेली असत. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाईकास माल ओळखण्याची तीच खूण होती. स्वीडन व जपानमधून येणाऱ्या काडेपेट्यांवरही हिंदू देवदेवतांची चित्रे दिसू लागली होती. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवतांच्या चित्रांबरोबरच व्यापारी लेबलेही या छापखान्यातून बाहेर पडू लागली.

रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. त्यामुळे पहिल्या प्रतीचा खर्च मोठा, तर पुढील प्रतींचा अल्प असे. केवळ स्वतःसाठी नवे चित्र काढून घेणे लहान व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. एकच चित्र अनेकांनी वापरल्यास मात्र मूळ खर्च सर्वांत विभागला जाई.

हेच तत्त्व तमिळनाडूतील शिवकाशी येथे मोठ्या प्रमाणावर रुजले. १९२२ मध्ये तेथील अय्या नाडर व षण्मुग नाडर हे दोन तरुण काडेपेटीचे तंत्र शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले. परतल्यावर त्यांनी सुरू केलेल्या उद्योगास लेबलांची गरज भासली आणि त्या गरजेतून शिवकाशी हे छपाईचे केंद्र बनले. महाराष्ट्रातील किराणा दुकानांतही परिचित असलेले देवादिकांचे कॅलेंडर या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. नमुन्यांतून चित्र निवडावयाचे आणि खालच्या कोऱ्या जागेत दुकानाचे नाव छापून घ्यावयाचे, अशी ही सोय होती.

सामाईक चित्र आणि स्वामित्व

या स्वस्ताईची किंमत मात्र वेगळ्या रूपाने मोजावी लागे. जी लक्ष्मी एका दुकानाच्या भिंतीवर, तीच शेजारच्या दुकानातही असे. चित्र सर्वांचे असल्याने ते कोणाचीच खूण ठरत नसे. १८८९ च्या कायद्याने खोट्या व्यापारी खुणांबद्दल शिक्षा ठरविली होती. परंतु व्यापारचिन्हाच्या नोंदणीची तरतूद १९४० च्या कायद्याने झाली. तोपर्यंत दीर्घ वापर सिद्ध करूनच न्यायालयात दाद मागावी लागे.

सामाईक प्रतीकांचा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातही सुटला नाही. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर मक्तेदारी सांगणारा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केला. धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाचा अनन्य हक्क असू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तयार नाव वा चित्र घेणाऱ्या उद्योजकाने ही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक ठरते.

पाच रुपयांचे नाव

मुंबईत १९३५ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला व प्रशिक्षित चित्रकार उपलब्ध होऊ लागले. तरीही गल्लीतील छापखाना व पाट्या रंगविणारा पेंटर हाच लहान व्यावसायिकाचा खरा आधार राहिला.

या संदर्भात ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचे उदाहरण बोलके आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. १९६२ मध्ये उत्पादनाच्या नावासाठी स्पर्धा घेण्यात आली. तिचे बक्षीस अवघे पाच रुपये होते. सुरुवातीस हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही बनविला जाई. पुढे एकाच प्रमाणित दर्जाचा आग्रह धरला गेला. नावावर झालेला खर्च नगण्य होता. ते नाव स्वतःचे होते आणि त्यामागील दर्जा बदलत नव्हता, हे त्याच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल.

संगणकोत्तर कालखंड

१९९० नंतर डी.टी.पी. केंद्रे व पुढे फ्लेक्स छपाईने मूळ चित्राचा खर्च झपाट्याने उतरविला. संगणकातील तयार चित्रसंग्रहांमुळे कॅलेंडरचीच जुनी समस्या नव्या रूपात पुढे आली. शासनाने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण स्वीकारले आणि २०१० मध्ये लघुउद्योगांना तज्ज्ञांचे साहाय्य मिळावे म्हणून ‘डिझाइन क्लिनिक’ योजना सुरू केली. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योगांसाठी व्यापारचिन्हाच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रतिवर्ग ४,५०० रुपये, तर इतरांसाठी ९,००० रुपये ठरविण्यात आले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, ही बाबही बोधचिन्ह काढून घेताना दुर्लक्षून चालत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, अल्पखर्ची कला लहान उद्योजकास प्रत्येक कालखंडात उपलब्ध होती. ती बहुधा चित्र सामाईक करून स्वस्त झाली. म्हणून किती खर्च करावा यापेक्षा कोणता भाग स्वतःचा ठेवावा, ही निवड अधिक महत्त्वाची ठरते. सजावट, चौकट वा कॅलेंडरचे चित्र उसने चालेल. परंतु नाव, त्याची नोंदणी व त्यामागील दर्जा उसना चालत नाही. मर्यादित पैसा प्रथम तेथे खर्चावा, हाच या इतिहासाचा बोध होय.