पोथी, भजन आणि पाटी

या स्मरणिकेत बहुतेकांनी आपापल्या वर्गाविषयी लिहिले आहे. मी लिहितो आहे ते ज्यांना वर्गच मिळाला नाही त्यांच्याविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या सहीच्या जागी शाईचा अंगठा असे. त्या मायमाउल्या १९४८ पूर्वीच्या निजामी राजवटीत वाढल्या. गावोगाव शाळा नव्हत्या, आणि जिथे माध्यमिक शाळा होती तिथे शिक्षण उर्दूतून. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला तिथे कोण पाठवणार?

तरीही त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. श्रावणात पोथी लागली की चार आळ्यांतल्या बायका जमायच्या. वाचणारा एक, ऐकणाऱ्या चाळीस. अर्थ सांगताना वाचणारा चुकला तर ऐकणारीच त्याला थांबवायची. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यातले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर आहे: ओळी सारख्या कशा ठेवाव्यात, पानाच्या कडेला जागा कशी सोडावी, सगळे त्यात आहे. तो भक्तिभावाने ऐकणाऱ्या कितीतरी जणींनी जन्मात बोरू हाती धरला नव्हता.

मोठ्यांना शिकवण्याचा खटाटोप महाराष्ट्रात जुना आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिने शिकण्याचा सण केला. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि सगळा गाव त्यात असायचा. शिकलेल्याचे कौतुक त्याच्याच माणसांसमोर होई. मात्र या मोहिमेची मोजदाद १४ ते ५० वयाच्या माणसांची होती. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, आणि वयाची रेघ १५ ते ३५ वर येऊन ठेपली. सरकारची अडचण समजते. पैसा थोडा, माणसे अफाट, तेव्हा कमावत्या वयाकडे आधी पाहिले गेले. पण आपल्या आया त्या रेघेच्या पलीकडे राहिल्या.

त्या वर्गाला आल्या मात्र. १९८१ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला आणि नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे वारे इकडेही आले. मी ज्या गावी नोकरीला होतो तिथला वर्ग मारुतीच्या पारावर भरे. हजेरीपटावर सुना, आणि सुनांच्या मागे पदर सावरत बसलेल्या सासवा. त्या यायच्या गाण्यांसाठी. आधी एखादी गौळण, मग भारूड, आणि मधल्या वेळात पाटीवर नाव. एकीने आधी देवाचे नाव लिहायला शिकून घेतले, स्वतःचे नंतर. पुस्तिका संपली तसा वर्ग बंद झाला. म्हाताऱ्या मात्र पुढेही कितीतरी दिवस त्या वेळेला पारावर येऊन बसत. त्यांची नावे कुठल्याच तक्त्यात नव्हती, त्यामुळे वर्ग पुन्हा सुरू करा असे म्हणायलाही कोणी नव्हते.

फक्त त्यांच्यासाठी म्हणून शाळा निघाली ती ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी. शिवजयंतीच्या सुमारास गावात शिवचरित्राचे वाचन चालले होते. आपल्यालाही हे वाचता आले असते तर, असे काही आज्या बोलून गेल्या आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले. ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. वय साठीपासून नव्वदीपर्यंत, गणवेश गुलाबी लुगडे, खांद्यावर दप्तर. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरचे आणि शेतातले उरकल्यावर. प्रार्थना, बडबडगीते, शिवाय अंगणात प्रत्येकीने वाढवायचे एकेक झाड. ही शाळा आज्यांच्या दिवसाप्रमाणे आणि त्यांच्या हौसेने आखली गेली, म्हणूनच ती चालली असे मला वाटते. पोथी ऐकायला जमणाऱ्या बायकांची बैठकच तिथे हातात पाटी घेऊन बसली, एवढाच काय तो फरक.

आता उल्लास योजनेत १५ वर्षांपुढील कोणीही शिकू शकतो. वरची मर्यादा नाही. १७ मार्च २०२४ च्या परीक्षेला राज्यभर आजी-आजोबा बाकांवर बसले, तेव्हा ती जुनी रेघ पुसलेली दिसली. आपल्या आयांपैकी बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या.

मित्रहो, आपणही आता साठीच्या घरात आलो. कोणी मोबाइलवर मोडी शिकतो आहे, कोणी पेटी, आणि सगळ्यांची तक्रार एकच: एकट्याने मन लागत नाही. शाळेचा जुना चित्रकला वर्ग दुपारनंतर रिकामा असतो. आणि ज्यांच्या घरी त्या साक्षरता वर्गांतली पुस्तिका, फोटो किंवा आईची पहिली सही असलेला कागद असेल, त्यांनी तो मेळाव्याच्या दिवशी जरूर सोबत आणावा. निदान एक भिंत त्यासाठी ठेवू.