न्यायसहायक वैज्ञानिक (रहस्यकथेतील)

गुन्ह्याच्या जागेवरून मिळालेल्या रक्त, केस, माती, गोळी, विष, स्फोटकाचा अंश अशा भौतिक पुराव्याची प्रयोगशाळेत तपासणी करून तपासाला दिशा देणारे रहस्यकथेतले पात्र. पोलिस अधिकारी संशयिताला बोलता करतो आणि हौशी गुप्तहेर माणसांच्या स्वभावावरून अंदाज बांधतो; हे पात्र वस्तूंना बोलते करते. आधुनिक थरारकथेत त्याची गाठ वारंवार ओलीसनाट्याशी घातली जाते. एखादी व्यक्ती किंवा जमाव कोंडला गेलेला असतो, मुदत संपत आलेली असते आणि ओलीस कुठे आहेत हे फक्त एका पुराव्यावरून कळण्याजोगे असते. अनेक लेखकांनी पहिल्याच कादंबरीसाठी हे पात्र निवडले. त्यामागचे कारण व्यावहारिक आहे. प्रयोगशाळेत किंवा शवागारात काम केलेल्या माणसाकडे लिहिण्याजोगा खराखुरा मालमसाला आधीपासूनच असतो.

या परंपरेचा उगम आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या पहिल्या प्रकाशित कादंबरीत सापडतो. शेरलॉक होम्स वाचकांना प्रथम भेटतो तो एका इस्पितळाच्या रसायनशाळेत, रक्तातल्या हिमोग्लोबिननेच साका धरणारे द्रव्य सापडल्याच्या आनंदात. त्या काळी डाग रक्ताचाच आहे हे खात्रीने सांगणे अवघड होते. मानवी रक्त आणि प्राण्याचे रक्त यांतला फरक ओळखणारी ऊलनहूट यांची चाचणी १९०१ साली आली. कल्पित पात्र प्रत्यक्ष विज्ञानाच्या काही वर्षे पुढे होते. ‘द रेड थंब मार्क’ (१९०७) या कादंबरीत ऑस्टिन फ्रीमन यांनी डॉ. थॉर्नडाइक हे डॉक्टर आणि बॅरिस्टर अशी दुहेरी पदवी असलेले पात्र उभे केले. रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा बनावट असू शकतो, हा तिचा गाभा आहे. ठशांच्या शास्त्राचा तेव्हा बोलबाला होता. जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्र कोलकात्यात १८९७ मध्ये सुरू झाले होते आणि वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. अशा वेळी नव्या पुराव्यावर आंधळा विश्वास ठेवू नका असे बजावणारी कादंबरी लिहिणे धाडसाचे होते, आणि या प्रकारातल्या चांगल्या लेखनाचा कस आजही तिथेच लागतो.

डीएनए ठशांचे तंत्र ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली इंग्लंडमध्ये शोधल्यानंतर या पात्राला नवा जन्म मिळाला. व्हर्जिनियातील मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात नोकरी केलेल्या पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची ‘पोस्टमॉर्टेम’ (१९९०) ही पहिली कादंबरी. तिची नायिका शवविच्छेदन करणारी डॉक्टर आहे. कॅथी राइक्स या स्वतः हाडांवरून ओळख पटवणाऱ्या मानववैज्ञानिक. त्यांची पहिली कादंबरी ‘देजा डेड’ १९९७ साली आली. त्याच वर्षीच्या जेफ्री डीव्हर यांच्या ‘द बोन कलेक्टर’ने प्रयोगशाळा आणि ओलीस यांची सांगड पक्की केली. अपहरणकर्ता प्रत्येक ठिकाणी मागे वस्तू सोडतो आणि अंथरुणाला खिळलेला तज्ज्ञ त्यांवरून पुढचा बळी कुठे ठेवला आहे ते शोधतो. पुढे दूरचित्रवाणी मालिकांनी हाच साचा घासून गुळगुळीत केला.

मराठीत रहस्यकथेचा वाचक मोठा, पण प्रयोगशाळा लहान राहिली. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांच्या हजारावर रहस्यकथांत झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही पात्रे वेषांतर, पाठलाग आणि हजरजबाबीपणा यांवर गुन्हेगाराला गाठतात. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या नायकांची भिस्तही धाडसावर आणि तर्कावर आहे. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांनी रहस्य, गूढ आणि विज्ञान शेजारी-शेजारी छापले. मात्र झुंजारसारखी घरोघरी पोचलेली मालिका न्यायसहायक वैज्ञानिकाभोवती उभी राहिली नाही. हे आश्चर्याचे आहे, कारण या विषयाचे खरे साहित्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडलेले असते.

महाराष्ट्रात या कामासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आहे. त्याचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती आदी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. चंद्रपूरला छोटी प्रयोगशाळा आहे. ब्रिटिश काळातल्या ‘केमिकल ॲनलायझर’ या पदाची आठवण ठाण्यांच्या बोलीत टिकून आहे. आजही अंमलदार ‘सी.ए. आला का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला प्रयोगशाळेचा अहवाल अभिप्रेत असतो. कादंबरीत एकच माणूस प्रेत तपासतो, रक्त पाहतो, गोळी जुळवतो आणि आरोपीचा पाठलागही करतो. प्रत्यक्षात शवविच्छेदन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, विष रसायनशास्त्र विभागाकडे, रक्त व डीएनए जीवशास्त्र विभागाकडे आणि हत्यार प्रक्षेपशास्त्र विभागाकडे जाते. यांपैकी बहुतेकांना आरोपीचा चेहरा दिसतो तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले तरच.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडील कुरखेडा तालुक्यातून एखादा नमुना नागपूरला कसा पोचतो, हे पाहिले की हे पात्र जमिनीवर येते. जंगलात प्रेत सापडले की इन्क्वेस्ट पंचनामा, घटनास्थळ पंचनामा आणि जप्ती पंचनामा होतो. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली तर दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनए हाती लागत नाही. रक्त न लागलेल्या शेजारच्या जागेची मातीही तुलनेसाठी वेगळी घ्यावी लागते. नवखे तपासी अंमलदार नेमके तेच विसरतात. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद होतो आणि त्या द्रावणाचा नमुना स्वतंत्र पाठवला जातो, म्हणजे विष मिठातून आले असा आक्षेप उरत नाही. प्रत्येक पाकिटावर पंचांच्या सह्यांचे लेबल, लाखेचे सील आणि सोबत त्याच सीलचा नमुना. हे सारे घेऊन एक शिपाई वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड अशा वाटेने नागपूर गाठतो, सील शाबूत असल्याची पोच घेतो आणि परत येऊन नोंद करतो. खटल्यात बचाव पक्षाचा पहिला घाव रसायनशास्त्रावर क्वचितच पडतो. तो पडतो या प्रवासावर. मुद्देमाल खोलीतून किती तारखेला निघाला, प्रयोगशाळेत किती तारखेला पोचला, मधले दिवस कोणाच्या ताब्यात होता, हे प्रश्न निर्दोष सुटकेपर्यंत नेऊ शकतात. लेखकाला खरे नाट्य हवे असेल तर ते या शिपायाच्या पिशवीत आहे.

इथल्या जंगलाचा स्वतःचा असा हस्तक्षेपही असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला गावेच्या गावे पहाटे रानात शिरतात, त्यामुळे घटनास्थळ पायाखाली जाते. उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या वर असते आणि प्रेताचा ऱ्हास वेगाने होतो. मृत्यूची वेळ सांगताना थंड देशांतल्या पुस्तकांतले कोष्टक जसेच्या तसे चालत नाही. पावसाळ्यात नाले भरून वाहतात आणि ठसे, जळालेले अवशेष, स्फोटकाचे कण सगळे धुऊन जाते.

१ मे २०१९ रोजी या तालुक्यात जे घडले, त्याने स्फोटानंतरच्या तपासाचा हा सगळा पसारा राज्यासमोर आणला. आदल्या रात्री दादापूर येथे नक्षलवाद्यांनी रस्ता बांधकामावरची वाहने जाळली. त्यानंतर कुरखेड्याहून पुराड्याच्या दिशेने निघालेल्या शीघ्र कृती दलाचे खासगी वाहन जांभुळखेड्याजवळ लेंढारी नाल्यावर भूसुरुंगाने उडवले गेले. १५ पोलिस आणि वाहनाचा चालक असे १६ जण मरण पावले. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. अशा स्फोटात वैज्ञानिकापुढे दोन कामे असतात आणि दोन्ही सारखीच निकडीची. पहिले, खड्ड्याची रुंदी-खोली, भोवतालची माती, वायरचे तुकडे आणि वाहनाच्या पत्र्यावरचे कण यांवरून स्फोटक कोणते आणि ते कसे पेटवले हे ठरवणे. दुसरे, मृतांची ओळख पटवणे, गरज पडल्यास नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून. थरारकथा पहिल्या कामावर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करते आणि दुसरे एका वाक्यात उरकते. आपल्या माणसाचा देह ताब्यात मिळण्याची वाट पाहणाऱ्या घराला दुसरेच काम मोठे असते, आणि पहिल्या कादंबरीच्या लेखकाने तिथे थांबायला हवे.

ओलीसनाट्य हा या प्रदेशाला कल्पनेतून मिळालेला विषय नव्हे. १९९१ साली अहेरीच्या राजघराण्यातले आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचे नक्षलवाद्यांनी अपहरण केले आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ त्यांना जंगलात ठेवले. शिवन्ना या नक्षल नेत्याच्या सुटकेच्या बदल्यात ते सुटले. ओडिशात फेब्रुवारी २०११ मध्ये मलकानगिरीचे जिल्हाधिकारी आर. विनील कृष्णा आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये एप्रिल २०१२ मध्ये सुकम्याचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांना पळवून नेण्यात आले. मेनन यांचे दोन अंगरक्षक त्या वेळी मारले गेले. मेनन यांच्या सुटकेसाठी बी. डी. शर्मा आणि प्रा. जी. हरगोपाल यांनी मध्यस्थी केली. या तिन्ही प्रसंगांत निर्णायक ठरल्या त्या वाटाघाटी. जंगलातल्या ओलिसाचा ठावठिकाणा चपलेला लागलेल्या मातीवरून काढण्याइतका वेळ आणि नमुना कोणाच्या हाती नसतो. मातीचे खनिज विश्लेषण, परागकणांची ओळख, डीएनए या सगळ्याला तास किंवा दिवस लागतात, आणि प्रयोगशाळेत आधीच रांगेत असलेली प्रकरणे धरली तर महिने.

ओलीसनाट्य आणि प्रयोगशाळा यांची घड्याळे वेगळी चालतात. कादंबरी ती बळजबरीने एक करते. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या ओलीसनाट्याने हा फरक स्पष्ट दाखवला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात ताजमहाल आणि ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेले व नरीमन हाउस येथे माणसे अडकली होती, तेव्हा वैज्ञानिकांच्या हाती करण्यासारखे फारसे नव्हते. त्यांचे काम नंतर सुरू झाले. समुद्रात सोडून दिलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीवरच्या कपड्यांवर आणि पांघरुणांवर घामाचे अंश होते, आणि त्यांतला डीएनए हल्लेखोरांशी जुळला. हल्लेखोर समुद्रमार्गे आले या सरकारपक्षाच्या म्हणण्याला त्यामुळे वैज्ञानिक आधार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी हल्लेखोरांपैकी जिवंत पकडलेल्या अजमल कसाबची फाशी कायम केली. कोणाला सोडवण्यासाठी हा पुरावा उपयोगी पडला नाही, तरी काय घडले ते पुसता येणार नाही अशा रीतीने त्याने नोंदवले. हा पैलू मराठी रहस्यकथेने अजून हाताळायचा आहे.

कायद्यानेही या पात्राची जागा बदलत नेली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २९३ नुसार ठरावीक शासकीय तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना प्रत्यक्ष न बोलावताही, पुरावा म्हणून वाचता येत असे. त्या यादीत अंगुलिमुद्रा केंद्र आणि न्यायसहायक प्रयोगशाळा यांच्या संचालकांबरोबर मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही होते. न्यायालयाला वाटल्यास तज्ज्ञाला समन्स काढता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे अपेक्षित धरले आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. आजवर पंच आणि तपासी अंमलदार जिथे उभे असत तिथे त्यामुळे वैज्ञानिकही उभा राहील, आणि खंडणीसाठी किंवा मागणी मान्य करून घेण्यासाठी ओलीस ठेवण्याचा गुन्हा या तरतुदीत येतो.